‘नाच्या’ आणि ‘मित्रा’ : पुरुषीपणाची कसोटी आणि समलिंगी प्रेमाविषयीचा तिरस्कार

पुणे-नाशिक रस्त्याने चाकणची कारखानदारी मागे टाकून उत्तरेस गेले, म्हणजे राजगुरुनगर आणि मंचर ओलांडल्यावर नारायणगाव लागते. तमाशाची पंढरी अशी त्याची ख्याती आहे. यात्रांचा हंगाम आला की फडांच्या राहुट्या तेथे पडतात आणि गावोगावची मंडळी सुपारी ठरवावयास येतात. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. त्यानंतरच्या दशकांत या पट्ट्यात जो कामगारवर्ग येत गेला, त्यातील कित्येकांनी बाई, पुरुष आणि त्यांच्या मधले असे काही, यांचे पहिले दर्शन अशाच एखाद्या यात्रेतील कनातीत घेतलेले असते. बायकी पुरुषाला हसावयाचे असते हा धडाही त्यांना तेथेच मिळतो आणि तो कारखान्याच्या फाटकाशी उतरवून ठेवता येत नाही.

समलिंगी प्रेमाविषयीच्या तिरस्काराचा विचार करताना या हसण्यापासून आरंभ करणे सयुक्तिक ठरते. मराठीत रूढ असलेले हिणवणुकीचे शब्द पाहावेत. ‘बायल्या’ हा शब्द कोणी कोणावर प्रेम करतो याविषयी काहीच सांगत नाही. चालणे, बोलणे, हातवारे, भित्रेपणा एवढ्यांवरच तो बोट ठेवतो. ‘बांगड्या भरा’ या वाक्प्रचाराचेही तेच. ‘समलिंगी’ हा शब्द पंडितांनी घडविलेला, शास्त्रीय आणि थंड आहे; त्याने कोणाला जखम होत नाही. जखम करणारे शब्द बहुधा वासनेचे नसून वेषाचे आणि वागणुकीचे आहेत. उलट बाजूस ‘मर्दानी’ हे स्त्रीचे भूषण ठरते. पुरुषाने स्त्रीसारखे होणे म्हणजे उतरणे आणि स्त्रीने पुरुषासारखे होणे म्हणजे चढणे, अशी ही उतरंड आहे. तिरस्काराचे मूळ तिच्यात शोधावे लागते.

आनंद यादव यांची ‘नटरंग’ ही कादंबरी आणि तिच्यावरून रवी जाधव यांनी केलेला २०१० सालचा चित्रपट या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. गुणा हा पिळदार शरीराचा शेतमजूर. त्याला राजाची भूमिका करावयाची असते. परंतु नाच्यावाचून फड उभा राहत नाही आणि नाच्या व्हावयास कोणी तयार नसतो. अखेर गुणाच मिशी उतरवितो. त्याला बायको आहे, मुलगा आहे. त्याचे मन ओढ घेते तेही स्त्रीकडेच. तथापि गावाला याची चौकशी करावीशी वाटत नाही. कमरेची लचक पाहिली की पुढचे सारे गावाने स्वतःच ठरविलेले असते आणि चित्रपटात त्याची परिणती बलात्कारात होते. ज्याच्या ठायी समलिंगी प्रेमाचा लवलेशही नाही अशा पुरुषावर त्या प्रेमाविषयीचा सारा द्वेष कोसळतो, हा कथानकातील योगायोग नव्हे. हा द्वेष मुळात पुरुषीपणाच्या सीमेवरचा पहारा आहे. सीमा ओलांडणारा कोण आहे हे पहारेकरी विचारीत नाही.

येथे बालगंधर्वांचे उदाहरण आक्षेप म्हणून पुढे येईल. ज्या समाजाने एका पुरुषाचे स्त्रीरूप डोक्यावर घेतले, त्याच्या साड्यांची आणि दागिन्यांची घरंदाज स्त्रियांनी नक्कल केली, तो समाज बायकी पुरुषाचा द्वेष करतो असे कसे म्हणावे? या आक्षेपाचे उत्तर दोन भूमिकांतील भेदात आहे. संगीत रंगभूमीवरील स्त्रीपार्टी नट पुरुष लपवितो आणि आदर्श स्त्री उभी करतो; स्त्रीने कसे असावे याची रूढ कल्पना त्याने मोडत नाही, उलट अधिक पक्की होते. नाच्या काहीच लपवीत नाही. तो पुरुष आहे हे सर्वांना दिसत असते आणि तरीही तो मुरकत असतो. पहिल्यात कला दिसते, दुसऱ्यात धोका. शिवाय एकाचा प्रेक्षक पांढरपेशा आणि दुसऱ्याचा गावकुसाआतबाहेरचा. प्रतिष्ठेचे वाटप कसे झाले हे निराळे सांगावयास नको. बृहन्नडेला महाभारताने सांभाळून घेतले ते आत अर्जुन होता म्हणून.

चित्रपटाचा कमकुवतपणाही याच ठिकाणी आहे. गुणाचे पीळदार शरीर आरंभी डोळे भरून दाखविले जाते. नयनाच्या प्रेमाची साक्ष काढली जाते. शेवटी वृद्ध कलावंताला सन्मान मिळतो. प्रेक्षकाला पदोपदी आश्वासन दिले जाते की, हा ‘तसा’ नाही. त्याच्यावर अन्याय झाला, कारण त्याला चुकीचे ओळखले गेले! तो खरोखरच तसा असता तर? प्रेक्षकाच्या अश्रूंना हा प्रश्न सोसला असता असे वाटत नाही.

तो प्रश्न विजय तेंडुलकरांनी यापूर्वीच विचारला होता. ‘मित्राची गोष्ट’ १९८१ साली रंगभूमीवर आले; दिग्दर्शन विनय आपटे यांचे होते आणि सुमित्रा देवची भूमिका रोहिणी हट्टंगडी यांनी केली. नाव पाहावे. ‘मित्र’ या पुल्लिंगी नामाचे सामान्यरूप ‘मित्रा’ आणि ‘मित्रा’ या मुलीच्या नावाचे सामान्यरूपही ‘मित्रा’च. षष्ठीचा प्रत्यय लागताच लिंगभेद नाहीसा होतो; गोष्ट त्याची की तिची, हे शीर्षक सांगत नाही. ज्या भाषेत ‘गेलो’ की ‘गेले’ हे ठरविल्यावाचून स्वतःविषयी भूतकाळात एक साधे वाक्यही धड बोलता येत नाही, त्या भाषेत ही संदिग्धता सहज सापडलेली नसावी.

मित्राचे पुरुषी वागणे महाविद्यालयाला प्रथम खटकत नाही. त्याचे कौतुकच होते. नाटकात पुरुषभूमिका तिलाच मिळते. मर्दानीपणाला समाजाने दिलेली सवलत ती येथवर वापरीत असते. नमावर तिचे प्रेम बसते तेव्हा ती सवलत काढून घेतली जाते. स्त्रीने पुरुषाचे धैर्य घ्यावे, चालेल; पुरुषाचा स्त्रीवरील हक्क घेऊ नये. मन्या दळवीचा संताप दुखावलेल्या प्रेमिकाचा असण्यापेक्षा मालकाचा अधिक आहे. आणि तिचे सर्व ऐकून घेणारा बापू पाहावा : बुजरा, मवाळ, पुरुषीपणाच्या परीक्षेत काठावरही न उतरलेला. ऐकण्याची ही शक्ती त्याला त्या नापास होण्यातूनच मिळाली आहे. तेंडुलकरांचे हे निरीक्षण फार खोल आहे.

तरीही हे नाटक ज्या साच्याविरुद्ध उभे राहते, त्याच साच्याचा काही भाग त्याने उसना घेतला आहे. प्रेम करणारी ती पुरुषी, जिच्यावर प्रेम केले जाते ती बायकी. म्हणजे दोन स्त्रियांमध्येही नवरा-बायको शोधून काढले आहेत. त्यामुळे नमा कोण आहे, तिला स्वतःला काय हवे आहे, हे कळतच नाही. तिची इच्छा केवळ दुबळेपणा म्हणून निकालात निघते. नाटकाची ही उणीव मित्राच्या आत्महत्येपेक्षाही अधिक जाणवते. पुढे सचिन कुंडलकर यांनी ‘कोबाल्ट ब्ल्यू’ या २००६ च्या कादंबरीत हा साचा किती सहज सोडला, हे पाहण्यासारखे आहे. एकाच पाहुण्यावर भाऊ तनय आणि बहीण अनुजा दोघेही प्रेम करतात; डोंगर भटकणारी, मुलगीपणाच्या चाकोरीत न बसणारी अनुजा पुरुषावरच प्रेम करते. वागणूक आणि ओढ यांची गाठ येथे कोणताही गाजावाजा न करता सुटलेली आहे.

ही गाठ प्रत्यक्ष जीवनात मात्र इतक्या सहज सुटत नाही आणि त्याचा पडताळा याच औद्योगिक पट्ट्यात पाहता येतो. पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेने २०२२ साली तृतीयपंथी व्यक्तींना सुरक्षारक्षक आणि ग्रीन मार्शल म्हणून कामावर घेतले. ज्यांच्या टाळीला लोक बिचकत, त्यांच्याच अंगावर गणवेश आला आणि पहाऱ्याचे ‘मर्दानी’ काम त्यांच्या हाती आले. साच्यावरचा हा घाव लहान नव्हे. त्याच वर्षी टाटा मोटर्सच्या येथील कारखान्यात गाड्यांच्या जोडणीची एक संपूर्ण शाखा स्त्री कामगारांकडे सोपविली गेली. कामांची वाटणी बदलते आहे. परंतु मित्राचा अनुभव असा की, वेष आणि काम यांना मिळालेली मुभा प्रेमाला आपोआप मिळत नाही. तृतीयपंथी असणे आणि समलिंगी असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे सुशिक्षितांच्या बोलण्यातही अद्याप स्पष्ट नसते. दोघांसाठी कुजबूज एकच असते.

सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध दंडसंहितेच्या ३७७ व्या कलमातून वगळले. त्या कलमाचा रोख कृतीवर होता. चालण्यावर किंवा आवाजावर कधीच नव्हता. कारखान्याच्या बसमध्ये शेजारच्या तरुणाच्या आवाजाची नक्कल करणाऱ्याने ते कलम वाचलेले नव्हते, आणि ते रद्द झाल्याचे वृत्त वाचून त्याची नक्कल थांबण्याचेही कारण नव्हते. त्याने पाहिला होता तो यात्रेतील नाच्या, आणि त्याच्याभोवती हसणारी माणसे.