दारू कोरडी कोणी ठेवली?

लक्ष्मीपूजनाच्या रात्री फटाके वाजून संपले की गल्लीत जो वास रेंगाळतो, तो जळलेल्या गंधकाचा. लहानपणापासून तो मला आवडत आला आहे. पण त्या वासामागच्या वस्तूचा विचार मी पन्नाशी उलटेपर्यंत केला नव्हता. तिचे मराठी नाव दारू. हा शब्द फारसीतून आला. तिकडे त्याचा अर्थ औषध. आपल्या ‘दवादारू’त तो अर्थ अजून टिकून आहे. मराठीने त्याच शब्दात मद्यही घातले आणि बंदुकीत ठासायची काळी पूडही. आज मात्र ‘दारू’ म्हटले की बाटलीच डोळ्यांसमोर येते, आणि दुसरी दारू सांगायची तर आधी ‘बंदुकीची’ असे म्हणावे लागते. भाषेतून ती मागे पडली, तशीच आपल्या इतिहासलेखनातून आणि ऐतिहासिक कादंबरीतूनही पडली आहे. या लेखात मला तेवढेच दाखवायचे आहे. त्यातला पहिला दोषी मीच आहे.

काही वर्षांपूर्वी मी धरणगाव आणि भिल्ल पलटणीवर एक लेख लिहिला होता. धरणगाव म्हटले की वाचकांना बालकवी आठवतात, आणि ते योग्यच आहे. पण या गावाला दुसराही इतिहास आहे. १६७४ साली इंग्रजांनी येथे वखार घातली आणि पुढच्याच वर्षी मराठी फौजेने ती लुटली. १८२५ साली लेफ्टनंट जेम्स औट्रॅम याने खानदेशातली भिल्ल पलटण उभारायला घेतली, तीही येथेच. माझ्या लेखात वर्षे होती, अधिकारी होते, तलवारी, तीरकमठे आणि बंदुका होत्या. लेखाचे कौतुकही झाले.

तो लेख वाचून तालुक्यातल्या एका जुन्या वाड्यातला, कॉलेजात शिकणारा मुलगा मला घरी घेऊन गेला. त्यांच्या माजघराच्या भिंतीवर चकमकीची एक बंदूक टांगलेली होती. चाप गंजून बसलेला, लाकडाला भेग गेलेली. त्याने विचारले, “काका, हिच्यात कोणती दारू भरायचे?” मी म्हणालो, “कोणती म्हणजे? बंदुकीची.” तो म्हणाला, “पण हिच्यात दोन ठिकाणी भरावी लागते ना? दोन्हीकडे एकच चालायची का?” मला उत्तर देता आले नाही. ज्याने बंदुकांवर दहा पाने लिहिली होती, त्याला बंदूक पेटते कशी हेच ठाऊक नव्हते.

म्हणून आधी ते सांगतो. तोड्याच्या बंदुकीत धुमसती वात हाताशी ठेवावी लागे. चकमकीच्या बंदुकीत वात नाही. चापाच्या तोंडात गारेचा तुकडा आवळलेला असतो. चाप सुटला की गार पोलादी पट्टीवर घासते आणि ठिणग्या पट्टीखालच्या लहानशा वाटीत पडतात. त्या वाटीत चिमूटभर बारीक दारू असते. तिला रंजक म्हणतात. मोल्सवर्थच्या कोशात हा शब्द सापडतो. रंजक भडकते, तिची ज्वाळा नळीच्या बुडाशी असलेल्या छिद्रातून आत शिरते आणि आतला मुख्य भार पेटतो. रंजक भडकली पण ज्वाळा आत पोचली नाही, तर वाटीतून नुसता धूर निघतो आणि नळी मुकीच राहते.

मुलाचा प्रश्न बरोबर होता. दोन जागांची गरज वेगळी असते. वाटीतली दारू ठिणगीसरशी पेटली पाहिजे, म्हणून ती बारीक हवी. नळीतली दारू दाणेदार हवी, कारण दाण्यांमधल्या फटींतून ज्वाळा सगळीकडे एकदम पोचते. नुसते पीठ ठासले तर ते दडपून घट्ट बसते आणि धड जळत नाही. तोफेला त्याहून मोठा दाणा लागतो. युरोपात ओल्या दारूचा लगदा दाबून, मग फोडून, चाळून दाणे करण्याची रीत पंधराव्या-सोळाव्या शतकात रुळली. सोरा, गंधक आणि कोळसा ही तीन द्रव्ये सगळीकडे तीच. त्यात सुमारे तीन चतुर्थांश सोरा. फरक पडतो तो सोऱ्याच्या शुद्धतेने, कोळशाच्या लाकडाने आणि दाण्याच्या आकाराने.

सोरा जुन्या वस्तीच्या, गोठ्यांच्या मातीत फुटतो. गावाच्या पांढरीच्या मातीत तो पिढ्यानपिढ्या साचत जातो. त्यात साधे मीठ मिसळलेले राहिले तर दारू हवेतली ओल ओढते. कोळसा हलक्या लाकडाचा हवा. शुक्रनीतीत रुई आणि निवडुंगाच्या जातीच्या झाडांचा कोळसा सांगितला आहे. (त्या ग्रंथाच्या काळाबद्दल विद्वानांत वाद आहे, म्हणून त्यावर मी फार भार टाकत नाही.) बंगालमध्ये इशापूरला कंपनीचा दारूचा कारखाना होता. तेथे तुरीच्या काठ्यांचा कोळसा वापरत. हे वाचले तेव्हा मला हसू आले. आमच्या खानदेशात तुराट्या चुलीत जातात. ज्या काठीवर आमच्या घरी भाकरी भाजली गेली, त्याच जातीच्या काठीवर कंपनीचे राज्य उभे राहिले.

आता मुलाच्या प्रश्नाचे खरे उत्तर. ते ‘एकच’ असेही नाही आणि ‘दोन’ असेही नाही. कंपनीच्या शिपायाला कागदी काडतूस मिळे. तो ते दाताने फाडी, त्यातली चिमूटभर दारू वाटीत घाली आणि उरलेली नळीत ओती. म्हणजे दोन्हीकडे एकच दारू. नेम थोडा बिघडला तरी चालेल, पण भरणे झटपट व्हावे, हा पलटणीचा हिशेब. हौशी शिकारी दोन शिंगे बाळगी, एकात बारीक आणि दुसऱ्यात जाड. गावच्या जागल्याच्या हाती बंदूक असली तर मिळेल ती दारू, मिळेल तितकी. कोणती दारू भरायचे, हा प्रश्न म्हणजे बंदूक कोणाच्या हातात होती, हाच प्रश्न आहे. आपण बंदुकीची नळी मोजतो, तिच्यावरची नक्षी वर्णन करतो; पण हात ओळखायचा तर दारू पाहावी लागते.

आपले ललित साहित्य येथे काय करते? प्रत्येक मराठी वाचकाला पाठ असलेला प्रसंग घेऊ. १६६० सालचा जुलै. सिद्दी जौहरचा पन्हाळ्याला वेढा. महाराज भर पावसात रात्री गड सोडतात. घोडखिंडीत बाजीप्रभू उभे राहतात आणि महाराज विशाळगडी पोचल्याची खूण म्हणून तोफांचे बार ऐकू येईपर्यंत देह ठेवत नाहीत. परंपरेने आपल्याला हा प्रसंग असाच दिला आहे, आणि कवी, कादंबरीकार, नाटककार, चित्रपटवाले या सर्वांनी तो असाच रंगवला आहे. पाऊस आहे, चिखल आहे, रक्त आहे, शेवटी तोफ आहे. त्या तोफेत दारू आहे, एवढेच कोणाला सुचत नाही. आषाढात विशाळगडावर ढग खाली उतरलेले असतात. कपडा वाळत नाही. अशा दिवसांत तोफ उडायची, तर कोणीतरी आधीचे कित्येक आठवडे दारू कोरडी ठेवलेली असली पाहिजे. बाजींच्या पराक्रमातला एक गुंजही त्यामुळे कमी होत नाही. उलट, त्यांनी ज्या आवाजाची वाट पाहिली, तो आवाज किती हातांवर अवलंबून होता, हे कळले तर तो प्रसंग अधिकच थरारक होतो. आमच्या लेखकांनी पावसाचा उपयोग नेपथ्यासारखा केला. पाऊस हा दारूचा शत्रू आहे, म्हणजेच त्या कथेतला एक पात्र आहे, हे त्यांच्या ध्यानात आले नाही.

ध्यानात आले होते ते एका कारभाऱ्याच्या. १७१५ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात दुर्गांचे प्रकरण आहे. त्यातला झाडांविषयीचा मजकूर आपण वारंवार उद्धृत करतो. दारूखान्याविषयीचा मजकूर मात्र त्या मानाने कोणी वाचत नाही. दारूखाना राहत्या घरांजवळ नसावा. तो सदरेपासून दूर असावा आणि भोवती दाट झाडांचे कुसू घालावे. तळघर करून त्यात गच्ची करावी, माच घालून त्यावर दारूची मडकी ठेवावीत. बाणांची जागा वेगळी. सरदी लागू देऊ नये. आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः येऊन दारू बाहेर काढावी, तिला ऊन द्यावे आणि पुन्हा मोहर करून आत ठेवावी. मजकुराचा आशय असा आहे.

हा उतारा मी वाङ्मय म्हणून वाचतो. त्यात एकही अलंकार नाही, तरी त्यात एक माणूस दिसतो. पंधरवड्याला किल्ली घेऊन खाली उतरणारा, मडक्यात हात घालून ओल चाचपणारा, उन्हाची वाट पाहणारा हवालदार. रामचंद्रपंतांना वस्तू कळत होती, म्हणून त्यांचे वाक्य आखूड आणि पक्के आहे. आमच्या ऐतिहासिक कादंबरीचे वाक्य लांब आणि सैल होते, त्याचे एक कारण तिला वस्तू कळत नाही हे असावे. ‘ठिणगी पडली आणि बार उडाला’ हे वाक्य सोपे आहे, कारण ठिणगी आणि बार यांच्यामधले सगळे त्यात गाळले आहे.

या नियमांकडे पाठ फिरवली तर काय होते, याचे उदाहरण आमच्या शेजारीच आहे. १८१८ साली इंग्रजांनी मालेगावच्या किल्ल्याला वेढा घातला. हा भाग तेव्हा खानदेशातच गणला जाई. आत अरब शिबंदी होती आणि ती चिवटपणे लढली. महिना उलटत आला तरी किल्ला हाती येईना. जूनमध्ये उखळी तोफांच्या माऱ्याने किल्ल्यातला दारूचा साठा उडाला, आतल्या तटाचा मोठा भाग खंदकात कोसळला आणि दोन-तीन दिवसांत किल्ला पडला. शौर्याची वाण नव्हती. दारूखान्याने घात केला.

संशोधकांनी हे सगळे दुर्लक्षिले असे मी म्हणणार नाही. विल्यम अर्विनच्या मोगल सैन्यावरच्या १९०३ च्या पुस्तकात शस्त्रांचे आणि दारूगोळ्याचे शब्द काळजीने जमवले आहेत. सुरेंद्रनाथ सेनांनी १९२८ साली मराठ्यांच्या लष्करी व्यवस्थेवर लिहिताना तोफखान्याला स्वतंत्र जागा दिली. परशुराम कृष्ण गोडे यांनी तर भारतातल्या आतषबाजीचा इतिहास लिहिला. बखरीतली एक हकीकत त्यांनी त्यात घेतली आहे. महादजी शिंद्यांनी कोट्याच्या दिवाळीतल्या ‘दारूच्या लंके’चे वर्णन सवाई माधवरावांना ऐकवले आणि पेशव्यांच्या हट्टाखातर तशी लंका पर्वतीच्या पायथ्याशी उडवून दाखवली. शोभेच्या दारूला असा इतिहासकार मिळाला. लढाईच्या दारूला मराठीत अजून गोडे मिळायचे आहेत. मुंबईत रे रोडजवळच्या दारूखान्यावरून रोज हजारो लोक जातात, पण त्या नावात कंपनीच्या काळातली बंदुकीची दारू आहे हे कितीजणांना ठाऊक असते?

आता पुन्हा माझ्या लेखाकडे येतो. औट्रॅमने भिल्लांना शिकारीत सोबत घेऊन, त्यांच्यात राहून त्यांचा विश्वास मिळवला, असे मी लिहिले होते. ते खरेच आहे. पण एक गोष्ट मला तेव्हा दिसली नव्हती. तीरकमठा वापरणाऱ्याला बांबू, तात आणि लोखंडाचे टोक लागते. ते तो रानात आणि गावच्या लोहाराकडे मिळवतो. बंदूक वापरणाऱ्याला दारू लागते, आणि चांगली दाणेदार दारू सरकारच्या कोठारातूनच येते. बंदूक हाती घेणारा माणूस त्या क्षणापासून कोठाराशी बांधला जातो. पलटणीत शिरलेल्या भिल्लाचे स्वातंत्र्य कवायतीने जेवढे गेले, तेवढेच ते काडतुसाच्या पुडीने गेले, असे आता मला वाटते. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने परवान्याची गाठ बंदुकीला आणि दारूगोळ्याला दोहोंनाही मारली, तेव्हा सरकारला हे चांगले उमगलेले होते. माझा लेख मला आज पुन्हा लिहावासा वाटतो, तो या एका वाक्यासाठी.

त्या मुलाला मी अखेर उत्तर दिले. सांगितले की आजची बिनधुराची दारू अशा जुन्या नळीत घातली तर नळी फुटते. काळ्या दारूऐवजी निघालेले नवे पर्याय गारेच्या ठिणगीने सहजी पेटत नाहीत. फटाक्यातल्या दारूचा तर विचारही करायचा नाही. खरी काळी दारू स्फोटकांच्या कायद्याखाली येते आणि ती परवान्याशिवाय बाळगता येत नाही. तेव्हा बंदूक आहे तशीच भिंतीवर राहू दे. दारू शोधायचीच असेल तर ती दुसरीकडे शोध. त्यांच्या माळ्यावर एका बासनात जमाखर्चाचे मोडी कागद आहेत. सोरा, गंधक, शिसे असे शब्द दिसले की ते पान बाजूला ठेव, त्यावर कोणाचे नाव आहे, किती दिले आणि कोणी नेले ते बघ.

गेल्या पावसाळ्यापासून तो मोडी शिकतो आहे. परवा त्याचा फोन आला होता. अक्षरे लागायला लागली आहेत, म्हणाला. पण कागद सर्दावले आहेत, काय करू? मी म्हणालो, “आठ-पंधरा दिवसांनी बाहेर काढ, सावलीत वारा दे आणि पुन्हा नीट बांधून ठेव.” फोन ठेवल्यावर लक्षात आले की हा सल्ला माझा नव्हता.