चाचा की सरखेल?

समुद्रापासून इतक्या दूर, बीड जिल्ह्यात बसून आरमारप्रमुखाचे चरित्र वाचावे, याचे कुणास नवल वाटेल. परंतु ते लिहिणारे मनोहर माळगावकर (१९१३–२०१०) हेही दर्यावर्दी नव्हते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते पायदळात, मराठा लाइट इन्फन्ट्रीत अधिकारी होते व लेफ्टनंट कर्नलच्या हुद्द्यापर्यंत चढले. कादंबरीकार म्हणून नाव होण्याआधी, १९५९ साली त्यांनी कान्होजी आंग्रे यांचे इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केले.

इंग्रजांनी कान्होजीस चाचा ठरविले होते. माळगावकर त्यास ‘मराठा ॲडमिरल’ म्हणतात. ग्रंथाच्या नावातच त्यांचा निवाडा आहे. तो आम्हांस मान्य आहे. पोर्तुगीज ‘कार्ताझ’ नावाच्या परवान्यावाचून परक्यांची जहाजे फिरू देत नसत. कान्होजीनेही आपल्या किनाऱ्यावर दस्तक मागितले. एकाने केला तो कायदा आणि दुसऱ्याने केली ती चाचेगिरी, हा न्याय टिकणारा नाही.

१७२१ साली इंग्रज व पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून गेले आणि अपयशी ठरले. पुढच्याच वर्षी पोर्तुगीजांनी इंग्रजांस वगळून मराठ्यांशी तह केला. येथे आम्हां कॅथोलिक वाचकांच्या मनाची परीक्षा होते. त्यांचा धर्म तो आमचा धर्म, म्हणून त्यांचा पराभव तो आमचा पराभव काय? पोर्तुगीज सत्तेने क्रूस आणि तलवार एकत्र बांधली. त्याचा जाब आजही आम्हांस विचारला जातो. परंतु कुलाब्याची लढाई समुद्रावरील हुकमतीसाठी होती. कान्होजीचे शौर्य हा आमच्याही मराठी घराचा वारसा आहे, असे म्हणताना आमच्या श्रद्धेस कोठेही बाध येत नाही.

एक उणीव मात्र नोंदविली पाहिजे. एका वीराभोवती रचलेल्या चरित्रात वल्ही मारणारे, शिडे ओढणारे कोळी-भंडारी मागे पडतात. आरमार सरखेलाच्या नावाने ओळखले जाते. चालते ते त्यांच्या हातांनी.

याच लेखकाने पुढे ‘इनसाइड गोवा’ हा ग्रंथ लिहिला, तेव्हा त्याची चित्रे मारिओ मिरांडा या गोव्याच्या कॅथोलिक चित्रकाराने काढली. ज्या सत्तेशी कान्होजी लढला, तिच्या भूमीची कथा एका हिंदू सैनिकाने आणि एका ख्रिस्ती चित्रकाराने मिळून सांगितली. आमच्या मुलांनी हे दोन्ही ग्रंथ शेजारी ठेवून वाचावेत.