गाठ न होणारा कर्करोग

‘गाठ लागली तर दाखवा’ हा संगमनेरच्या शिबिरांतला सल्ला निराधार नाही. टाटा रुग्णालयाने १९९८ साली मुंबईत सुरू केलेल्या, दीड लाख स्त्रियांच्या अभ्यासात नियमित हाताने तपासलेल्या पन्नाशीपुढील स्त्रियांत स्तनकर्करोगाचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळले. पण लोब्युलर प्रकारात हा सल्ला अपुरा पडतो. पेशींना एकमेकींशी जोडणारे ई-कॅडहेरिन हे प्रथिन तिथे बहुधा नसते. पेशी गोळा न होता एकेरी रांगेत पसरतात, मॅमोग्राफीतूनही निसटतात. म्हणून उपचारांनंतर दरवर्षी मॅमोग्राफी हवीच. स्तन दाट असतील, तर सोनोग्राफी वा एमआरआयची जोड हवी का, हेही डॉक्टरांना विचारावे. एमआरआय जास्त शोधतो, तशा खोट्या शंकाही जास्त काढतो. ‘दिसले नाही’ यावरून ‘नाही’ सिद्ध होत नाही, एवढे तरी आपण वर्गात सांगू शकतो.