मुद्रिकेतले दुसरे नाव

गालिब शिकवताना मी मक्त्याशी थांबतो. तिथे तो मीरची उस्तादी कबूल करतो. मराठी लावणीची मुद्रिका याहून पुढे जाते. होनाजी शिलारखाने रचणारा, बाळा करंजकर गाणारा. म्हणून मुद्रिकेत ‘होनाजी बाळा’. मीर दिवंगत उस्ताद होता, बाळा तर शेजारी उभा असलेला गळा!

मुसलमान शिकलगार सगनभाऊंची कवने रामा गोंधळी गात असे. सांगली जिल्ह्यातल्या रेठरे हरणाक्षच्या पठ्ठे बापूरावांना (जन्म १८६६) पवळाबाई लाभल्या. संग्रहांवर मात्र अनेकदा एकट्या कवीचेच नाव उरते आणि ढोलकीवाला तर कुठेच नसतो. सातारा-सांगलीच्या जत्रांत लावणी म्हणताना शेवटचे कडवे गाळू नये. ती सजावट नव्हे, फेडलेले ऋण आहे.