आधी घर, मग एकमत

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आपण विनोदासाठी वाचतो. मला त्या पुस्तकात एक धर्मविचार दिसतो. १८९५ मध्ये नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले आणि संसार तुटला. पुढे लक्ष्मीबाई आपले सोवळे सांभाळूनच त्यांच्याकडे राहावयास गेल्या. टिळक पुन्हा हिंदू होण्याची वाट त्या पाहत बसल्या नाहीत. त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा १९०० मधला. घर आधी, एकमत मागाहून.

समलिंगी माणसांच्या बाबतीत आजच्या चर्चने हा क्रम उलटा लावला आहे. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ कायम ठेवले, तेव्हा मुंबईचे तत्कालीन आर्चबिशप ओसवाल्ड ग्रेशस यांनी या माणसांना गुन्हेगार मानण्यास विरोध केला. ते धैर्याचे होते. २०१८ मध्ये न्यायालयानेही प्रौढांचे संमतीचे संबंध गुन्ह्यातून वगळले. परंतु ‘गुन्हेगार नव्हे’ ही न्यायाधीशाची भाषा. ‘आमचा आहे’ ही घरची. आमच्या अष्टमीसारख्या गावात माणूस जगतो तो दुसऱ्या वाक्यावर. चर्चचा मोठा भाग मात्र एकमत झाल्यावाचून ते वाक्य उच्चारीत नाही. लक्ष्मीबाईंनी तेवढी वाट पाहिली असती, तर मराठीला हे पुस्तक मिळालेच नसते.