ऑक्सफर्डचा आल्फ्रेड आणि जळालेली पोथी

ऑक्सफर्ड विद्यापीठ आल्फ्रेड राजानें स्थापिलें, ही आख्यायिका आज कोणी जाणता मानीत नाहीं. तथापि ती कागदांत शिरली कशी, याची चिकित्सा हस्तलिखितांच्या संग्राहकांनीं अवश्य करावी असें आम्हांस वाटतें.

आसर नांवाच्या वेल्समधील धर्मगुरूनें इ. स. ८९३ मध्यें आल्फ्रेडचें लॅटिन चरित्र लिहिलें. त्याची मध्ययुगीन पोथी एकच उरली होती. आर्चबिशप पार्कर यानें १५७४ त तें चरित्र प्रथम छापिलें. त्यांत ऑक्सफर्डच्या पाठशाळांची वार्ताहि नाहीं. पुढें १६०३ त कॅमडनची आवृत्ति निघाली, तिच्यांत ८८६ सालच्या वृत्तांत एक नवाच उतारा अवतरला. ग्रिमबाल्ड व ऑक्सफर्डचे जुने पंडित यांच्यांत कलह माजला आणि तो मिटविण्यास राजा स्वतः गेला, असा त्याचा आशय. म्हणजे आल्फ्रेडच्याहि पूर्वीं तेथें विद्यापीठ! पार्कर केंब्रिजचा आणि कॅमडन ऑक्सफर्डचा; वडीलपणाविषयीं या दोन विद्यापीठांची भाऊबंदकी त्या काळीं ऐन भरांत होती, हें ध्यानांत घेतलें म्हणजे उताऱ्याचें प्रयोजन उघड होतें. पार्करहि धुतल्या तांदळासारखा नव्हता. आल्फ्रेडच्या हातून भाकरी करपल्याची गोष्ट त्यानें दुसऱ्या ग्रंथांतून उचलून याच चरित्रांत घातली. यास्तव त्याच्या एकट्याच्या साक्षीवर आम्ही विसंबलों नसतों. परंतु पोथीच्या जुन्या नकलांतहि तो उतारा नाहीं. मूळ पोथी २३ ऑक्टोबर १७३१ रोजीं कॉटन संग्रहास लागलेल्या आगींत गेली. नकला नसत्या तर छापील खोट्यास उत्तर देणें किती अवघड झालें असतें! स्टीव्हन्सन यांनीं १९०४ च्या आवृत्तींत प्रक्षिप्त भाग निवडून काढिले, तें याच सामग्रीच्या बळावर.

युनिव्हर्सिटी कॉलेजची कथा तर आमच्याकडील वतनाच्या तंट्यांची आठवण करून देते. डरहॅमच्या विल्यमनें १२४९ त मरतांना ठेविलेल्या ३१० मार्कांतून तें उभें राहिलें. चौदाव्या शतकाच्या अखेरीस मिळकतीच्या एका तंट्यांत सांपडतांच कॉलेजानें रिचर्ड दुसरा याजकडे अर्ज केला, कीं आमचा संस्थापक आल्फ्रेड. राजाश्रयासाठीं मूळपुरुष बदलण्याची ही रीत आमच्या वाचकांस नवी नाहीं. १७२७ त किंग्ज बेंच न्यायालयानें कॉलेज राजस्थापित ठरविलें. दुसऱ्याच वर्षीं त्याच कॉलेजचा जुना फेलो विल्यम स्मिथ यानें दप्तरांतील अस्सल कागद पुढें ठेवून विल्यमच खरा संस्थापक असें दाखविलें. निकालापेक्षां दप्तर अधिक विश्वासार्ह ठरलें. तरीहि १८७२ त कॉलेजानें हजार वर्षांचा उत्सव केलाच.

रॅशडॉल यांनीं १८९५ च्या आपल्या ग्रंथांत या कथेचा समाचार घेतला, तो यथायोग्य आहे. परंतु तिच्या जागीं त्यांनीं मांडिलेली उपपत्ति आम्हांस मान्य नाहीं. बेकेटशीं चाललेल्या कलहांत दुसऱ्या हेन्रीनें परदेशांतील इंग्लिश धर्मोपाध्यायांस परत बोलाविलें, तेव्हां सुमारें ११६७ त पॅरिसचे विद्यार्थी ऑक्सफर्डास आले व विद्यापीठ उपजलें, असें ते म्हणतात. ते परतले असतील. ऑक्सफर्डासच आले, असें सांगणारा समकालीन कागद मात्र नाहीं. उलट एतांपचा थिओबाल्ड बाराव्या शतकाच्या आरंभींच तेथें शिकवीत होता, ११३३ त रॉबर्ट पुलन यानें व्याख्यानें दिलीं, आणि सुमारें ११८७ त वेल्सच्या जेरल्डनें आपला आयर्लंडवरील ग्रंथ तेथील पंडितांपुढें वाचून दाखविला. हळूहळू जमत गेलेल्या मेळ्यास जन्मतिथि देण्याचा मोह विद्वानांसहि आवरत नाहीं, एवढेंच यावरून दिसतें.

पहिला भक्कम कागद १२१४ चा आहे. १२०९ त गांवकऱ्यांनीं विद्यार्थ्यांस फांशीं दिल्यामुळें गुरुशिष्य गांव सोडून गेले व त्यांतील कांहींनीं केंब्रिजास बस्तान मांडिलें. पोपच्या वकिलानें तंटा तोडला, त्या निवाड्यांत विद्यार्थ्यांच्या बिऱ्हाडांचें भाडें दहा वर्षें निम्मे घ्यावें, गरीब विद्यार्थ्यांसाठीं गांवानें दरसाल ५२ शिलिंग द्यावे, आणि संत निकोलसच्या दिवशीं शंभर गरीब विद्यार्थ्यांस जेवूं घालावें, असें ठरलें. त्यांत आल्फ्रेडचें नांव नाहीं.