आवाहनातील 'आम्ही' आणि 'आपण'

आवाहन-पत्रक हा लेखनप्रकार मराठी समीक्षेने गंभीरपणे विचारात घेतलेला नाही. पत्रक म्हणजे तात्कालिक प्रयोजनाचे लेखन, प्रयोजन संपले की ते रद्दीत जावयाचे, अशी आपली समजूत. परंतु ज्या लेखनाच्या शब्दयोजनेवर प्रसंगी माणसांचे जीवित अवलंबून असते, त्याची चिकित्सा भाषेच्या अभ्यासकाने इतरांवर सोपवावी, हे प्रस्तुत लेखकास उचित वाटत नाही. श्रीलंकेतील तमिळ अल्पसंख्याकांच्या छळाविरुद्ध देशोदेशी विखुरलेल्या तमिळांनी गेली चार दशके जगाकडे जी मदत मागितली, तिच्या भाषेचा येथे विचार करावयाचा आहे. तो मुंबईत बसून करावयाचा असल्यामुळे ही हाक मराठी कानापर्यंत कितपत पोचू शकत होती, हा प्रश्नही टाळता येणार नाही.

साध्या विनंतीत दोन पक्ष असतात: मागणारा आणि देणारा. छळाविरुद्धच्या आवाहनात तिसरा येतो, तो छळ करणारा. आणि परागंदा समाज बोलू लागला म्हणजे चौथा पक्षही उभा राहतो. कारण जो बोलतो तो छळाच्या जागी नाही, आणि जो छळाच्या जागी आहे त्याला बोलता येत नाही. ('परागंदा' हा फारसीतून आलेला शब्द मुळात 'विखुरलेला' या अर्थाचाच आहे, मराठीत मात्र त्याला दैन्याची आणि पळापळीची छटा चिकटली. तमिळ भाषा आपल्या विखुरलेल्यांना 'पुलम्पेयर्न्दोर्' म्हणते, म्हणजे भूमी बदललेले. त्यात दैन्य नाही.) अशा लेखनात सर्वांत अवघड शब्द कोणता असेल, तर तो प्रथमपुरुषी अनेकवचनी सर्वनामाचा. पत्रकातील 'आम्ही' म्हणजे नेमके कोण?

या ठिकाणी मराठी आणि तमिळ या दोन भाषा परस्परांना चांगल्या ओळखतात. ऐकणाऱ्याला वगळणारे 'आम्ही' आणि त्याला सामावून घेणारे 'आपण' हा आपला भेद तमिळमध्ये 'नाङ्गळ्' आणि 'नाम्' या रूपांनी नांदतो. प्रमाण हिंदीत तो नाही. इंग्रजीत तर नाहीच. मराठीतील या भेदाचा संबंध अभ्यासकांनी द्राविड भाषांच्या सहवासाशी जोडलेला आहे. म्हणजे तमिळ पत्रक वाचताना त्यातील लेखक आपल्याला आत घेतो की दाराशी उभे करतो, हे जाणण्याचे व्याकरण मराठी वाचकाजवळ जन्मतः आहे. दुर्दैव असे की ही पत्रके त्याच्याकडे आली ती बहुधा इंग्रजीच्या वाटेने, आणि त्या वाटेवर हा भेद गळून पडतो.

छळाचा इतिहास येथे विस्ताराने सांगण्याचे प्रयोजन नाही. १९४८ च्या नागरिकत्व कायद्याने चहामळ्यांवरील सुमारे सात लाख तमिळ नागरिकत्वाला मुकले. १९५६ मध्ये सिंहली ही एकमेव राजभाषा ठरली. १९५८ आणि १९७७ मध्ये दंगली झाल्या. १९८१ च्या मे महिन्याच्या अखेरीस जाफन्याचे ग्रंथालय जाळण्यात आले व सुमारे ९७,००० ग्रंथ व हस्तलिखिते नष्ट झाली. १९८३ च्या जुलैत कोलंबोमध्ये जमावांनी मतदारयाद्या हाती घेऊन तमिळांची घरे व दुकाने शोधून काढली. यानंतर कॅनडा, ब्रिटन, फ्रान्स, स्वित्झर्लंड, नॉर्वे येथे तमिळ वस्त्या वाढल्या आणि आवाहनांचा ओघ सुरू झाला. युद्धाच्या शेवटच्या महिन्यांत, १९०९ च्या नव्हे तर बरोबर शंभर वर्षांनंतरच्या, २००९ च्या वसंतात, लंडनच्या पार्लमेंट चौकात आठवडेच्या आठवडे निदर्शने चालली. टोरांटोत मे महिन्यात मुख्य महामार्ग अडविला गेला. त्या युद्धाच्या अखेरच्या टप्प्यात ४०,००० पर्यंत नागरिक मारले गेले असावेत, असे संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञमंडळाने २०११ मध्ये म्हटले.

या आवाहनांचे दोन घराणे स्पष्ट दिसतात. एक तमिळनाडूस उद्देशून केलेले. त्याचा आधार 'तोप्पुळ् कोडि उऱवु' हा शब्दप्रयोग, म्हणजे नाळेचे नाते. येथे सर्वनाम 'नाम्' असते आणि ते सहज शोभते. दुसरे परराष्ट्रांच्या सरकारांना आणि संयुक्त राष्ट्रांना उद्देशून इंग्रजीत केलेले. येथे नाळ उपयोगाची नाही, म्हणून हक्क, करार, चौकशी ही न्यायालयीन परिभाषा येते. पहिल्यात ऊब आहे, परंतु तिचे वर्तुळ तमिळभाषकांपाशी संपते. दुसरे सर्वांना समजते, परंतु कोणालाच आपले वाटत नाही. मराठी वाचक या दोहोंच्या मधोमध उभा आहे: तो नाळेचा नातलग नव्हे, आणि संयुक्त राष्ट्रांचा सभासदही नव्हे. तो शेजारी आहे. शेजाऱ्याला उद्देशून लिहिलेले आवाहन या दोन घराण्यांत बसत नाही, हा त्यांचा मोठा उणेपणा मानावा लागेल.

परंतु उणेपणा एकाच बाजूस नाही. हाक ऐकू येण्यासाठी हाक मारणाऱ्याला ऐकणाऱ्याच्या भाषेत नाव असावे लागते, आणि मुंबईच्या मराठीत तमिळ माणसाला दीर्घकाळ नावच नव्हते. हिंदमाता चौकात उभे राहिले असता दक्षिणेस परळ-लालबागच्या गिरणगावातील चाळी, तर उत्तरेस दादर ओलांडताच माटुंगा, म्हणजे या शहरातील तमिळांची जुनी मध्यमवर्गीय वस्ती. अंतर फार तर अर्ध्या तासाच्या पायपिटीचे. तरीही तमिळ, मलयाळी, तेलुगू, कानडी आणि तुळू बोलणारे या सर्वांना येथे एकच शब्द होता: 'मद्रासी'. ज्या उडपी उपाहारगृहाच्या मालकाला हे नाव मिळे, त्याची घरची भाषा बहुधा तुळू असे. त्याला हाक मारताना 'अण्णा' म्हणत. घरातील थोरल्या भावासाठी आपण जो शब्द कानडीकडून उचलला, तोच उपाहारगृहाच्या गल्ल्यावर नात्याविना वापरला जाई.

साठच्या दशकाच्या मध्यास 'मार्मिक' साप्ताहिकाने (स्थापना १९६०) या नामहीनतेला निराळे वळण दिले. 'वाचा आणि थंड बसा' या मथळ्याखाली मुंबईतील आस्थापनांतील दाक्षिणात्य अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या प्रसिद्ध होऊ लागल्या. पुढे मथळा 'वाचा आणि उठा' असा झाला. १९ जून १९६६ रोजी शिवसेना स्थापन झाली. मराठी तरुणांची बेकारी खरी होती. १९६१ च्या जनगणनेत या शहरातील मराठीभाषकांचे प्रमाण सुमारे ४३ टक्के होते, आणि आपल्याच राजधानीत आपण अल्पसंख्य आहोत ही भावना निराधार नव्हती. तो प्रश्न येथे बाजूस ठेवू आणि केवळ लेखनप्रकार पाहू. यादी ही आवाहनाच्या नेमकी उलट आहे. आवाहनात सर्वनामे असतात, नावे क्वचित. यादीत केवळ नावे असतात, सर्वनाम नाही आणि क्रियापदही नाही. क्रियापद तेवढे मथळ्यात, तेही आज्ञार्थी, आणि ते वाचकाला लागू. ज्याचे नाव छापले आहे त्याला त्या वाक्यात कर्ता होण्याची जागाच नाही. कोलंबोतील मतदारयादी आणि मुंबईतील ही यादी यांना एका मापाने मोजणे अन्यायाचे होईल. एकीचा शेवट जाळपोळीत व हत्यांत झाला, दुसरीचे उद्दिष्ट नोकऱ्या हे होते. तथापि दोन्हींची वाक्यरचना एक आहे, हे नाकारता येत नाही.

त्या काळच्या उपहासशब्दांचीही थोडी चिकित्सा करावयास हरकत नाही. 'यंडुगुंडू' हा शब्द द्राविड भाषांतील अनुनासिकानंतर येणाऱ्या 'ड' ची नक्कल करतो, जणू काही तो ध्वनी मराठीस परका आहे. वस्तुतः तोंड, दांडा, अंडे यांतून तो आपल्या मुखी नित्य असतो. 'थंड बसा' या मथळ्यातही तो आहेच. 'हटाव लुंगी, बजाव पुंगी' ही घोषणा मराठीच्या अभिमानाची, परंतु तिची दोन्ही क्रियापदे हिंदीच्या साच्यातील. मराठी बाणा राखावयाचा तर 'हटव' आणि 'वाजव' म्हणावयास हवे होते. आणि माटुंग्याचा तमिळ गृहस्थ नेसे ती वेष्टी. लुंगी हे वस्त्रही निराळे आणि शब्दही फारसीकडचा. द्वेष करावयाचा तर त्याच्या विषयाची किमान ओळख असावी, एवढीही अट या शब्दसंग्रहाने पाळलेली नाही.

याच वर्षांत मराठी माणूस स्वतः एका आवाहनाचा श्रोता होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव, निपाणी आदी मराठीबहुल भाग म्हैसूर राज्यात गेला आणि तेथील मराठीभाषक मुंबईकडे दाद मागू लागले. १९६६ च्या ऑक्टोबरात महाजन आयोग नेमला गेला. १९६७ च्या त्याच्या अहवालाने बेळगाव महाराष्ट्रास नाकारले. या लोकांसाठी मराठीने एक सुंदर समास घडविला: 'सीमाबांधव'. नाळेच्या नात्याचाच हा मराठी अवतार होय. बेळगावची हाक आपल्याला चटकन कळते, कारण तिच्यात 'आपण' आधीपासून गृहीत आहे. (तंजावरच्या मराठीभाषकांना मात्र असा समास कोणी बहाल केला नाही. बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ चा प्रदीर्घ मराठी शिलालेख कोरलेला असूनही ते कोणाचे बांधव झाले नाहीत. 'बांधव' हा शब्द भाषेमागून नव्हे, भूमीच्या मागणीमागून येतो, असा संशय यावरून बळावतो.)

आणि पुढे जे घडले त्यात दोन्ही धागे एकत्र आले. फेब्रुवारी १९६९ मध्ये सीमाप्रश्नावरून शिवसेनेने मोरारजी देसाई यांची मोटार माहीमला अडविण्याचा प्रयत्न केला. मध्य मुंबईत काही दिवस दंगल माजली, पन्नासाहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, आणि दाक्षिणात्यांची उपाहारगृहे हल्ल्यांचे लक्ष्य ठरली. एका भाषिक अल्पसंख्याकांची दाद दुसऱ्या भाषिक अल्पसंख्याकांच्या दुकानांवर वसूल करण्यात आली. सीमाबांधवांच्या पत्रकांत असे कोठेही मागितलेले नव्हते. परंतु 'बांधव' म्हणताच जो 'बांधव नसलेला' आपोआप निर्माण होतो, त्याचा पत्ता हिंदमात्यापासून हाकेच्या अंतरावर होता.

तमिळांच्या आवाहनालाही हाच दोष लागला आहे, आणि तो दाखविल्यावाचून ही चिकित्सा एकांगी राहील. चहामळ्यांवरील तमिळांचे नागरिकत्व गेले तेव्हा जाफन्याच्या 'नाम्' मध्ये ते आहेत की नाहीत, यावर तमिळ पुढाऱ्यांतच फूट पडली. त्यातूनच चेल्वनायकम यांनी १९४९ मध्ये फेडरल पक्ष काढला. भारत व सिलोन यांच्या १९६४ च्या कराराने यांपैकी ५,२५,००० जणांना भारतात पाठवावयाचे ठरले, तेव्हा त्यांना कोणी विचारले नाही. ऑक्टोबर १९९० मध्ये तर तमिळ वाघांनी उत्तर प्रांतातील मुसलमानांना, ज्यांची मातृभाषा तमिळच आहे, घरे सोडावयास लावली. जाफना शहरात त्यांना दोन तासांची मुदत मिळाली. परदेशांतील पत्रकांपैकी ज्यांना या घटनेचा उच्चार करवला नाही, त्यांच्या 'आम्ही' ची विश्वसनीयता तेवढ्याने कमी झाली, असेच म्हणावे लागेल.

अशा पत्रकाचे मराठी भाषांतर पदव्युत्तर वर्गात अभ्यासासाठी घ्यावे, असे प्रस्तुत लेखक सुचवितो. पहिली अडचण 'इनम्' या शब्दाची येईल. त्यात जात, वर्ग, सजातीय आणि आप्त हे सर्व अर्थ एकत्र आहेत. 'वंश' म्हटले की रक्त उरते, 'समाज' म्हटले की धार जाते. दुसरी अडचण 'नाम्' ची. तेथे 'आम्ही' लिहिले तर मराठी वाचक बाहेर राहतो. 'आपण' लिहिले तर तो आत येतो. पण मग त्या 'आपण' मध्ये माटुंग्याचा तमिळ, बेळगावचा मराठी आणि दोन तासांत घर सोडलेला जाफन्याचा मुसलमान हे सारे येतात की नाही, हे भाषांतरकाराला त्या एकाच शब्दापाशी ठरवावे लागते.